पुट्टीखालचा डबा

आज इलेक्ट्रिशियनने स्वयंपाकघरातल्या जंक्शन बॉक्सचं झाकण उघडलं, जळक्या वायरचा वास आला, आणि मी एकदम गोरखपूरच्या जुन्या घरात जाऊन पोचले.

ताईच्या लग्नासाठी रंगकाम चाललं होतं. बैठकीच्या भिंतीत वायरींच्या जोडांचा डबा होता. मिस्त्री बजावून गेला होता, "दीदी, इसको बंद मत करना, ढक्कन खुलना चाहिए." पण नेमके तिथेच फोटो निघणार होते. मी पेंटरकडून डब्यावर पुट्टी फिरवून घेतली. भिंत कशी गुळगुळीत झाली!

लग्नानंतर महिन्याभराने, भर दुपारी, बाबा त्या भिंतीला तळहात लावून उभे होते. "भिंत काहून गरम लागून राहिली गं?"

पुट्टीचं सांगावं लागू नये म्हणून मी म्हटलं, "पलीकडून ऊन लागतं, बाबा."

"अच्छा," म्हणत ते भिंतीलगतच्या दिवाणावर आडवे झाले. मी बाजारात गेले. परतले तेव्हा खिडकीतून धूर निघत होता. शेजाऱ्यांनी बाबांना बाहेर काढलं, पण ते गेले होते.

अजूनही मी रोज घरातल्या भिंतींवरून हात फिरवते. त्या भिंतीपलीकडे आमचं देवघर होतं. तिथे ऊन कधीच येत नसे, आणि बाबा रोज तिथेच पूजेला बसत.