हार घातलेला ड्रोन

साठीला टेकलेल्या माणसानं विमान उडवायला शिकू नये. मी शिकलो. विमान म्हणजे आपला फवारणीचा ड्रोन हो! जुळे सोलापुरातल्या आमच्या गच्चीवर प्रमाणपत्र छातीशी धरून असा फोटो काढून घेतला, की शेजाऱ्यांना वाटलं, आजोबा हवाई दलात लागले.

खरं कारण दादा. माझा थोरला भाऊ. जेऊरची शेती तो एकटा बघायचा. फवारणीचा पंप पाठीवर वागवून वागवून त्याचा डावा खांदा कायमचा उतरला होता. तो पंप एकदाचा खाली ठेवायला लावायचा, एवढंच माझ्या मनात होतं.

तूर फुलात होती. वहिनींनी नव्या यंत्राला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि झेंडूचा चांगला हातभर लांब हार घातला.

"आरं, हार काढ की," दादा म्हणाला.

"राहू दे, फोटोत शोभतोय. वर गेला की पुष्पवृष्टी होईल बघ!" मी म्हणालो.

ड्रोन गुडघाभर उठला. हाराचं टोक पात्यात गुंतलं आणि गडी कुशीवर कलंडून बांधावर आपटला. पुष्पवृष्टी झालीच, पण माझ्यावर. पाठोपाठ टाकीतलं औषधाचं पाणी.

दादा डोळ्यांत पाणी येईस्तवर हसला. "लई भारी! इमानानं भुईलाच दंडवत घातला की!" मग उठून त्यानं पंप पाठीवर चढवला. "तू आंगुळ कर जा. अळी न्हाय थांबायची तुझ्यासाठी."

तो उतरलेला खांदा तुरीत शिरताना मी बघत राहिलो. केसांत झेंडूच्या पाकळ्या.

पाती बदलून आणेपर्यंत हंगाम सरला. आणि पुढची तूर फुलात यायच्या आधीच दादा गेला.

आता ड्रोन शहाण्यासारखा उडतो. दादाला जिथं अख्खा दिवस लागायचा, ते रान चहा निवायच्या आत उरकतं. वहिनी अजून हार आणतात. "भावजी, आदी काढा बरं का." मी काढतो आणि गोठ्यात खुंटीला दादाचा पंप टांगलाय, त्याला घालतो.

मग "काढला रे, दादा," असं मोठ्यानं म्हटल्याशिवाय माझ्याच्यानं बटण दाबवत नाही. तेवढ्यापुरतं वहिनी तुरीकडं तोंड करून उभ्या राहतात.