पुसून कोरडं केलेलं कोकरू

कराडच्या कॉलेजात मी बावीस वर्षं जीवशास्त्र शिकवतोय आणि दरवर्षी वर्गात एकच भांडण भांडतो: सजीव म्हणजे सुट्या भागांची बेरीज नव्हे. जनुकं, पेशी, रसायनं वेगवेगळी मोजून प्राणी कळत नाही. तो कुठे, कुणाच्या संगतीत जगतो तेही बघावं लागतं. या विषयावर सुरू झालो की मला तासाची घंटाही ऐकू येत नाही. पण याचा खरा अर्थ मला शिकवला धोंडुबाईंनी.

धोंडुबाई आटपाडीकडच्या. वय पासष्टीच्या पुढं, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. लग्न झाल्यापासून दर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन बागायतीत उतरतात आणि खतासाठी लोकांच्या रानात कळप बसवतात. कळपातली मेंढी न् मेंढी त्या आवाजावरून ओळखतात. त्यांची नात अपेक्षा माझी विद्यार्थिनी. तिच्याबरोबर मी कुंडलला त्यांच्या तळावर गेलो, तर त्याच दुपारी एक मेंढी व्याली. जुळं झालं. दुसरं कोकरू मलूल, मान टाकलेलं.

धोंडुबाई पाण्याला गेलेल्या. मी मास्तर, गप्प कसा बसणार? टॉवेलनं कोकरू खसाखसा पुसलं, शालीत गुंडाळलं. अपेक्षानं मेंढीचा चीक बाटलीनं पाजला. तरी कोकरू उठेना. आईपुढं ठेवलं, तर तिनं ढुशी मारून लोटून दिलं. डोळ्यांदेखत जीव जाणार होता.

तेवढ्यात धोंडुबाई आल्या. "पुसलं कुणी ह्येला?"

"मी."

"आवं सर, तुमी वासच पुसला की. आता ती ह्येला आपलं कसं म्हनंल?"

मला धरणी दुभंगावी असं वाटलं. वर्गात एवढं बोलणाऱ्या मी कोकराची ऊब आणि दूध अशी दोनच खाती केली होती.

धोंडुबाईंनी जुळ्यातलं पहिलं, अजून ओलं असलेलं कोकरू उचललं आणि दोघांची अंगं एकमेकांना घासली. चाटायला चव यावी म्हणून वर मिठाचं पाणी शिंपडलं आणि मी पुसलेलं पिल्लू मेंढीच्या तोंडाशी धरलं. तिनं हुंगलं. एकदा जीभ लावली. मग जी चाटत सुटली ती घशातल्या घशात हुंकारत, शेपटीपासून कानापर्यंत. कोकरानं मान उचलली. गुडघ्यांवर आलं, पडलं, पुन्हा उठलं. अपेक्षा माझा दंड धरून "सर, बघा, बघा" म्हणत होती.

"धोंडुबाई, ऊब दिली, चीक दिला. मग ते उठलं का नाही?"

"तुमी नुसतं कोकरू बघितलं, सर. कोकरू एकलं नसतंय. आई चाटती, तवा त्येला कळतंय, उठायचं हाय."

कोकरू लटपटत आईच्या पोटाखाली शिरलं. सड सापडला आणि त्याची शेपटी थरथरायला लागली.