फोटोखालचा शब्द

मानवतावाद्यांच्या आंतरराष्ट्रीय संमेलनात मला पंधरा मिनिटं मिळाली होती. तलासरीच्या कॉलेजात शिकवणारा मी, पहिल्यांदाच परदेशी गेलेला. नवा कोट घालून भीतीतून देव कसे जन्मतात हे जगाला सांगायला उभा राहिलो. पडद्यावर डहाणूजवळच्या आगर गावच्या किनाऱ्यावरचा फोटो लावला. नारळी पौर्णिमेला एक म्हातारी डोळे मिटून, हातात नारळ घेऊन होडीपुढे उभी. खाली मीच ठळक इंग्रजीत लिहिलं होतं, ‘अज्ञान’.

हशा पिकला. मला बरं वाटलं, खोटं का बोलू? चहाच्या वेळी नॉर्वेच्या एका निवृत्त शिक्षिकेनं विचारलं, "या कोण?"

"आमच्याकडची एक बाई," मी म्हणालो.

ती माझी सख्खी आत्या. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. दप्तराला सुक्या बोंबलांचा वास येतो म्हणून पोरं चिडवायची, तेव्हा शाळेत येऊन भांडली होती ती.

पुढच्या हिवाळ्यात त्या शिक्षिका डहाणूला आल्या. आगर बघायचंच होतं त्यांना. किनाऱ्यावर बोंबील वाळत घालणाऱ्या आत्यानं लांबूनच मला हाक मारली. म्हटलं, भरले आपले दिवस.

घरी नेऊन तिनं चहा दिला. "सांग तिला, मी तुजी आत्या. माज्या हाताखाली वाढलास." मी भाषांतर केलं. पाहुणीनं माझ्याकडे एकदाच पाहिलं, मग तिला विचारलं, नारळ कशासाठी देता?

"माजा घरवाला बुडाला त्या वर्षीबी दिला होता," आत्या म्हणाली. "नारळानं दर्या ऐकत नाय, म्हाईत हाय मला. पन होडी गेली की मागं आमी काय करायचं? हातांना कायतरी लागतं."

हेही मी इंग्रजीत सांगितलं. त्या पंधरा मिनिटांसाठी मी तिला एकदाही काही विचारलं नव्हतं.

पाहुणी म्हणाली, तुमचा फोटो तिकडे पाहिला. भाषांतर ऐकून आत्या हरखली. माझ्या मोबाइलवर तोच, खाली शब्द असलेला फोटो होता; दाखवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. खालच्या अक्षरांवर बोट ठेवून तिनं विचारलं, "ह्ये काय लिवलंय?"

"तुझं नाव."

"केवढं मोठं लिवलंस रं."

पाहुणीला मराठी येत नव्हती, पण बोट कुठल्या शब्दावर आहे ते दिसत होतं. ती कपात बघत बसली.

आत्याला तो फोटो भिंतीवर हवा होता. डहाणूच्या स्टुडिओत मी खालची पट्टी कापून घेतली, चांगली फ्रेम केली आणि वाटलं, सुटलो. तिनं पदरानं काच पुसली, फोटो खालपर्यंत नीट पाहिला, मग माझ्याकडे वळली.

"माजं नाव का रं कापलंस?"