निकमभाऊंनी वाचवलेले सेकंद

आमच्या शॉपमध्ये मशीनखाली लोखंडाचा कीस साचतो ना, तसे हे किस्से साचलेत. रोज झाडून काढा, संध्याकाळी पुन्हा ढीग! मागच्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत सांगायला बसले, तर सुट्टी संपली, माझा डबा तसाच राहिला, आणि निम्मे किस्से अजून बाकी. बरं, सगळ्यांचा हिरो एकच.

अंबडला आमचं छोटं टूलरूम आहे. प्लास्टिकच्या वस्तूंचे मोल्ड, म्हणजे साचे बनवतो. मी शैला, क्वालिटी बघते. म्हणजे दिवसभर लोकांच्या चुका काढते आणि त्याचा पगार घेते! लोखंडाच्या ठोकळ्यात कुठून, किती, कसं कापायचं हे आधी कॉम्प्युटरवर ठरवावं लागतं, त्याला आम्ही प्रोग्रॅम म्हणतो. ते काम निकमभाऊंचं. माणूस एकोणीस वर्षं इथे आहे, कामात एक नंबर. फक्त एकच खोड. कॉम्प्युटर अजून फास्ट झाला पाहिजे. कालच्यापेक्षा आज, आणि आजच्यापेक्षा जेवणानंतर!

*

दोन वर्षांपूर्वी अक्षय्यतृतीयेला शेठनी नवा कोरा कॉम्प्युटर आणला. हळद-कुंकू, नारळ, पेढे, सगळं साग्रसंगीत. माझ्या तोंडातला पेढा अजून गिळून व्हायचा होता, तेवढ्यात निकमभाऊ स्क्रू-ड्रायव्हर घेऊन टेबलाखाली!

शेठ ओरडले, "अहो निकम, वॉरंटी! सील तोडू नका!"

आतून शांत आवाज आला, "शेठ, वॉरंटी बिघडलेल्या मशीनला लागते. हे तर चांगलं आहे. मी फक्त अजून चांगलं करतोय."

सील गेलं. त्या दिवशी बोरस्ते शेठनी देवासमोरच शपथ घेतली की या माणसाला पुन्हा नवा कॉम्प्युटर म्हणून द्यायचा नाही.

*

निकमभाऊ रोज सकाळी स्टॉपवॉच लावून कॉम्प्युटर चालू करतात आणि किती सेकंद लागले ते मार्करने त्याच्याच कॅबिनेटवर लिहितात. अठ्ठेचाळीस. एक्केचाळीस. तेहतीस. आकडा खाली आला की आम्हाला चहा, वर गेला की दिवसभर कुणाशी बोलणं नाही.

सेकंद वाचवायला त्यांनी आधी वॉलपेपर काढला. मग आवाज बंद केले. मग खिडक्या उघडताना जी काय नाजूक हालचाल होते, ती काढली. सगळं काढून झालं तेव्हा त्यांची नजर स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या घड्याळावर गेली. तेही काढलं!

त्या दिवसापासून दर तासाला चाळीस पावलं चालून माझ्या टेबलाशी यायला लागले. "शैलाताई, किती वाजले हो?"

*

माझं डोकं खरं फिरलं ते फॉन्टच्या वेळी. मी जेवायला गेले होते. परत आले तर महाराज माझ्या खुर्चीत!

"ताई, तुमचा पीसी फार ओझं वाहत होता. हलका करून दिला."

"मी सांगितलं होतं?"

"सांगायला कशाला पाहिजे? मला बघवेना."

दुसऱ्या दिवशी कस्टमरला मराठीतून रिपोर्ट पाठवायचा होता. उघडते तर पानभर नुसते चौकोन! एक अक्षर दिसेना. भाऊंनी माझे सगळे मराठी फॉन्ट उडवले होते. बरं, चौकोन तर चौकोन, निदान प्रिंट काढून शेठना दाखवावी म्हटलं, तर प्रिंटर हूं की चूं करेना.

तणतणत त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. ते म्हणाले, "प्रिंटरचं ते मागे सारखं चालू असायचं, ते मी बंद केलं. बसून खात होता!"

"आणि मी आता काय करू?"

"काही नाही ताई, पण बघा ना, साडेतीन सेकंद आधी चालू झाला की नाही?"

झाला होता. मेलं, तेच तर चिडायचं कारण!

*

आता जरा गंभीर. गणपती उठले त्याच आठवड्यातली गोष्ट. एका मोठ्या मोल्डच्या प्रोग्रॅमचा हिशोब कॉम्प्युटरवर पाच तास चालणार होता. साडेचार तास झाले, स्क्रीनवरची पट्टी नव्वद टक्क्यांवर आली. शेवटचं जरा रेंगाळलं. दुसरा कुणी असता तर चहा पिऊन आला असता. निकमभाऊ म्हणाले, "मागे काहीतरी चालू आहे, तेवढं बंद करतो." आणि बंद केलं.

स्क्रीन निळा! साडेचार तासांचं काम पाण्यात. मशीन दिवसभर रिकामं उभं राहिलं, आणि त्या मशीनवर काम करणारा गावित त्याच्या शेजारी हाताची घडी घालून उभा.

शेठ वरून खाली आले. आवाज चढवला नाही, त्याचीच मला भीती वाटली. म्हणाले, "निकम, कॉम्प्युटर बारा सेकंदांत चालू होतो. तुम्ही कधी चालू होणार?" मग खुर्ची ओढून बसले. "दिवाळीच्या आधी पुण्याहून कुलकर्णी साहेब येणार आहेत. पाच मोल्डची ऑर्डर आहे. त्यांच्यासमोर प्रोग्रॅम वेळेत निघाला आणि ऑर्डर मिळाली, तर ठीक. नाहीतर प्रोग्रॅमिंग मी बाहेर देतो. तुम्ही स्टोअर सांभाळा."

हा माणूस इथे ड्रॉइंग बोर्डवर पेन्सिलने रेघा मारायला लागला होता. कॉम्प्युटर आले तेव्हा कुणी शिकवलं नाही, शिफ्ट संपल्यावर एकटा बसून शिकला. आणि आता स्टोअरमध्ये नट-बोल्ट द्यायला बसणार? मी रागावते त्यांच्यावर, पण हे मला अजिबात चालणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी साडेआठला आले तर भाऊ आधीच हजर, कॅबिनेट उघडं, बाह्या वर. म्हणाले, "ताई, अजून दीड महिना आहे. खुर्ची सोडणार नाही मी. याला घोडा करतो!"

मी कपाळावर हात मारला. अहो, ज्याच्यामुळे खुर्ची जायची वेळ आली, तेच अजून जोरात करणार!

*

मग रफिकचाचांचा नंबर लागला. चाचा आमचे पॉलिशर. मोल्डला आतून अशी चकाकी आणतात की त्यात बघून बायका टिकली लावतील. निकमभाऊंनी कुठेतरी वाचलं की प्रोसेसरवर जो गार ठेवणारा धातूचा ठोकळा बसतो, त्याचा तळ जितका सपाट, तितका कॉम्प्युटर थंड, आणि थंड तितका फास्ट. झालं! ठोकळा काढून चाचांच्या हातात.

चाचांनी डोळ्यावर चष्मा चढवला, बोट फिरवलं, आणि तोंड वाकडं केलं. "हे कंपनीतून असंच आलं? शरम नाही वाटली त्यांना?"

डायमंड पेस्ट लावून बसले घासायला. दुपारी निकमभाऊ मागायला गेले. "चाचा, झालं का?"

"अरे बेटा, अभी कुठं? अजून माझा चेहरा नीट दिसत नाही."

संध्याकाळी चेहरा दिसला. मिशीचा एकेक केस दिसला! पण घासून घासून ठोकळा इतका पातळ झाला होता की स्क्रू पूर्ण आवळले तरी तो प्रोसेसरला टेकेना. कॉम्प्युटर दोन मिनिटांत तापून बंद.

शेवटी गावितने पितळेच्या चार बारीक चकत्या कापून दिल्या, त्या स्क्रूंखाली घालून ठोकळा बसवला. पाच डिग्री कमी झाल्या हे खरं. चाचा मात्र आठवडाभर नाराज. "इतकं सुंदर काम, आणि उलटं करून झाकून टाकलं!"

*

गावित पेठ तालुक्याकडचा. बोलतो कमी, पण बोलला की संपलं. ऑक्टोबरच्या उन्हात भाऊंनी कॉम्प्युटरसाठी केबिनचा एसी सोळावर ठेवला होता. मी स्वेटर घालून रिपोर्ट तपासत होते. गावित प्रोग्रॅम न्यायला आत आला आणि दारातच थांबला.

"लय गार हाय भाऊ इथं."

"हिशोब आठ मिनिटं लवकर होतो," निकमभाऊ अभिमानाने म्हणाले.

गावितने थोडा विचार केला. "भाऊ, एक विचारू का? तुमी हे जे वाचवता, मिनिटं, सेकंद... ते ठेवता कुठं?"

निकमभाऊंनी मान वर केली नाही. "कुलकर्णी साहेब आले की सगळे एकदम काढणार आहे," म्हणाले.

मला हसायचं होतं, पण हसू आलं नाही.

*

मध्येच दसरा आला. आमच्याकडे खंडेनवमीला सगळ्या मशीनची पूजा होते. गावितने ढीगभर झेंडू आणला होता. प्रत्येक मशीनला हार, माझ्या मोजमापाच्या यंत्रालाही हार. आणि निकमभाऊंनी स्वतः, मनोभावे, कॉम्प्युटरला सगळ्यात जाड हार घातला.

सण झाला, कामं सुरू झाली, तर कॉम्प्युटर बैलगाडी! चौदा मिनिटांच्या हिशोबाला पस्तीस मिनिटं. भाऊंचा चेहरा पांढरा पडला. तीन दिवस नुसता धुमाकूळ. विंडोज पुन्हा टाकलं, ड्रायव्हर बदलले, रॅम इकडची तिकडे केली. जेवण नाही, कुणाशी धड बोलणं नाही.

चौथ्या दिवशी मी म्हटलं, "भाऊ, बाजूला व्हा. मला उगाच क्वालिटीत ठेवलं नाही." खाली वाकले, पुढची जाळी काढली. आतला पंखा झेंडूच्या पाकळ्यांनी गच्च भरलेला! हार सुकला, पाकळ्या गळल्या, आणि पंख्याने सगळ्या आत ओढल्या.

मूठभर पाकळ्या मी टेबलावर ठेवल्या. भाऊंनी त्यातली एक उचलून उजेडात धरली. मग म्हणाले, "ताई, पुढच्या वर्षी फक्त कुंकू."

*

आणि मग तो दिवस आला. कुलकर्णी साहेब आले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, चेहऱ्यावर रेघही हलत नव्हती. ड्रॉइंग बघितलं, आतल्या आधाराच्या पातळ भिंतीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ही आतली रिब बदलली आहे आम्ही. नवीन प्रोग्रॅम करून दाखवा. चारला मला निघायचंय."

तेव्हा वाजला होता एक. निकमभाऊंनी मॉडेल बदललं, पाऊण तासात. काय हात चालत होता! हिशोब सुरू केला. एरवी याला दोन तास लागायचे. सगळं शॉप केबिनच्या काचेला चिकटून उभं. पट्टी सरकत होती. चाळीस. साठ. सत्तर. आणि ऐंशीवर रेंगाळली.

भाऊंचा हात माउसवर गेला.

"निकमभाऊ!" मी म्हटलं.

"ताई, मागे एकच चालू आहे. फक्त एक! बंद केलं की..."

मी माउसची वायर उपटली आणि माउस पर्समध्ये टाकला. "हात मांडीखाली घ्या."

"ताई..."

"मांडीखाली!"

बसले हो! दोन्ही हातांवर बसले, शाळेत शिक्षा केल्यासारखे. एसी सोळावर आणि कपाळावरून घाम. रफिकचाचा मागून त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभे. भाऊंचे दात आवळलेले, नजर पट्टीवर. या माणसाला इतक्या हट्टाने काहीच न करताना मी आजवर पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगते, मला त्या क्षणी त्यांचा फार अभिमान वाटला.

ब्याऐंशी. नव्वद. सत्त्याण्णव. झाला!

"एक तास चार मिनिटं," गावित म्हणाला. मी माउस पर्समधून काढून परत जोडला, प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर टाकला, आणि तो घेऊन गावित पळत मशीनकडे गेला.

कुलकर्णी साहेबांनी स्क्रीनवर एकेक रेघ तपासली. वीस मिनिटं. शेवटी मान हलवली. "बरोबर आहे." मग चष्मा काढला आणि टेबलाखालच्या कॅबिनेटकडे बघितलं. एक बाजू उघडी, आत पितळेच्या चकत्या, बाहेर सुतळीने बांधलेला जास्तीचा पंखा, आणि अंगभर मार्करने लिहिलेले आकडे. "याच्यावर केलंत हे?"

शेठ घाईघाईने म्हणाले, "साहेब, नवीन घेणारच आहोत, पुढच्याच..."

साहेबांनी हात वर करून त्यांना थांबवलं. बॅग उघडली. आतून एक छोटा, मुठीवर झिजलेला स्क्रू-ड्रायव्हर काढला. "निकम, हा मागचा पंखा उलटा फिरवून बघितलात?"

"बघितला साहेब. दोन डिग्री वाढतात."

"आणि वरचा?"

निकमभाऊंचे हात मांडीखालून निघाले. पुढच्या मिनिटाला कॉम्प्युटर बंद, आणि दोघंही टेबलाखाली!

चार वाजले. साहेबांच्या ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला. साडेचार वाजले. शेठ ऑर्डरचे कागद हातात घेऊन टेबलापाशी उभे, या पायावरून त्या पायावर. शेवटी धीर करून म्हणाले, "साहेब, सही तेवढी..."

टेबलाखालून एक हात बाहेर आला. "पेनं माझ्या खिशातून पडली वाटतं. तुमचं द्या."

शेठनी पेन दिलं, कागद दिले. साहेबांनी काढून ठेवलेला कॅबिनेटचा पत्रा मांडीवर घेतला, त्यावर कागद ठेवून पाची मोल्डच्या ऑर्डरवर सह्या केल्या, आणि कागद परत वर दिले.

"बोरस्ते," ते आतून म्हणाले, "जाऊ नका. खाली बसा आणि जरा टॉर्च धरा."

शेठ गुडघ्यावर बसले आणि त्यांनी टॉर्च धरला.