भाऊजींची गोळी

शुक्रवार, ८ नोव्हेंबर. सकाळी मोटार बंद, पाणी उशिरा. दुपारी भाऊजी इस्पितळातून घरी आले. उजव्या हातात अजून कप ठरत नाही; जिभेला मात्र पहिल्यासारखी धार.

भाऊजी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान. खाली त्यांचा फोटो स्टुडिओ, वर घर. अंगाने काडी. बहीण लहानपणापासून गुटगुटीत, आणि तिच्या वजनावर बोलल्याशिवाय भाऊजींना चहा गोड लागत नाही.

उन्हाळ्यात दोघांनी रक्त तपासलं. तिचं कोलेस्टेरॉल उत्तम, यांचं भलतंच वाढलेलं. डॉक्टरांनी रोजची गोळी दिली आणि बजावलं, असंच राहिलं तर मेंदूची रक्तवाहिनी तुंबेल, अर्धांगवायू होईल. भाऊजींनी तिथे मान डोलावली. घरी येऊन निकाल दिला.

"नावांची अदलाबदल झालीय. खाणार ही, आणि चरबी माझ्या रक्तात? माझ्या अंगावर चरबीला बसायला जागा तरी आहे का?"

"भाऊजी, पुन्हा तपासून घ्या," मी म्हटलं.

"कशाला, ताई? घरात आरसा आहे की!"

मग ती गोळी बहिणीने सुरू केली. आणलेली टाकून कशी द्यायची, हे तिचं म्हणणं.

गेल्या शनिवारी पेन्शनच्या कागदांसाठी मी स्टुडिओत फोटो काढायला बसले. बहीण आत पाकिटं भरत होती.

"हनुवटी खाली, ताई. मान सरळ. तोंड असं वाकडं..." पुढचे शब्द बोबडे झाले. मी वर पाहिलं. त्यांच्या ओठाचा उजवा कोपरा ओघळला होता आणि हातातून सुटलेला कॅमेरा गळ्यातल्या पट्ट्याला लोंबत होता.

"भाऊजी, माझं नाही, तुमचं तोंड वाकडं झालंय!"

"लक्ष देऊ नकोस गं, नकला करतायत," बहीण आतून म्हणाली.

"नकला नाहीत. आधी गाडी बोलाव."

इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, "कोलेस्टेरॉलची गोळी चालू होती?"

"होती तर!" बहीण म्हणाली. "एक दिवस चुकवली नाही मी."

"तुम्ही?"

भाऊजींनी डोळे मिटून घेतले.

गुठळी विरघळवायचं इंजेक्शन वेळेत मिळालं, तरी संध्याकाळपर्यंत त्यांच्या तोंडून धड शब्द फुटेना. बहीण पलंगाचा दांडा धरून बसली होती. "मला जाडी म्हणा, हत्तीण म्हणा, पण काहीतरी बोला हो!"

दुसऱ्या दिवशी नवा रिपोर्ट आला. भाऊजींनी त्यावरचं नाव दोनदा वाचलं.

"बारीक माणसाचं रक्तही बारीक असतं, असं कुणी सांगितलं तुम्हाला?" डॉक्टर म्हणाले. "गोळी आता तुम्हीच घ्यायची. आणि बाई, तुम्ही बंद करा."

"बंद?" भाऊजी अडखळत म्हणाले. "हिच्याकडे बघून... म्हणताय?"

बहीण हसता हसता रडली.

आज संध्याकाळी मी गोळ्यांचा डबा स्वयंपाकघरातल्या फळीवरून भाऊजींच्या उशाशी हलवला.