दाजीकाकांनी ओठांनी सांगितलं ते

आमच्या घरात देवापुढे हात जोडायची ती आई. बाबांचे हात वर जायचे ते युनियनच्या सभेत, तेही मुठी आवळून. आणि मी पडले बाबांची मुलगी! भुतं, भास, अंगात येणं... असलं काही कोणी सांगू लागलं की मला हसू आवरत नसे. सत्तरी ओलांडली तरी अजून आवरत नाही. पण ही एक गोष्ट अशी आहे की तिच्यापुढे माझं सगळं लॉजिक गप्प बसतं.

साल छप्पन. लालबागला आमची चाळीतली खोली, दुसरा मजला, जिन्याला लागून. बाबा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे जिथे कापड विणतात तिथे. मी एकोणीस वर्षांची, मॅट्रिक पास, मास्तरीण व्हायचं खूळ डोक्यात. त्या पावसाळ्यात माझं वजन उतरायला लागलं. तहान तर अशी की अख्खा तांब्या एका दमात संपायचा! परळच्या एका इस्पितळात निदान झालं - मधुमेह. रोज इन्सुलिनची सुई, तीही जन्मभर.

"मलाच का झाला?" मी डॉक्टरांना विचारलं.

"याचं उत्तर आज तरी कोणाकडेच नाही, बाळ," ते म्हणाले.

डॉक्टरांकडे नव्हतं, पण चाळीत प्रत्येकाकडे होतं! आईच्या मते गावच्या देवाचा नारळ राहिला होता. कोणी म्हणालं कारल्याचा रस दे, कोणी जांभळाच्या बियांची पूड, कोणी एका बाबाचा अंगारा आणून दिला. अंगारा बाबांनी खिडकीतून फुंकून टाकला. बाकीचं सगळं मी नाक दाबून प्याले, कारण मला उत्तर हवं होतं आणि ते कुठल्या वाटीत असेल काय सांगावं... रोज सकाळी काचेच्या नळीत निळं औषध घालायचं, त्यात लघवीचे थेंब टाकून स्टोव्हवर तापवायचं. साखर असली की निळ्याचं विटकरी व्हायचं. माझं रोज विटकरीच.

डॉक्टरांनी आणखीही पुष्कळ सांगितलं असणार. आम्ही इस्पितळातून घरी आणले ते दोनच शब्द - "साखर बंद". ते चाळभर झाले. समोरच्या शेवंतामावशी साताऱ्याकडच्या, आवाज असा की तळमजल्यावर ऐकू यावा. त्यांनी तर माझी राखणच आरंभली. गणपतीत मोदकांचं ताट माझ्यापुढून अशा वेगानं न्यायच्या की वाससुद्धा लागू नये! मायाच ती, पण मला आतून चीड यायची. "पोर खंगणार आता," हे बायकांचं कुजबुजणं मला ऐकू यायचं. मला आजारी म्हणून घरात बसायचं नव्हतं. पुढचं सगळं आयुष्य या सुईला घाबरून कोपऱ्यात काढायचं की काय, एवढाच प्रश्न माझ्यापुढे होता.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीनं तेव्हा लालबाग-परळ नुसतं पेटलेलं. एका रविवारी सकाळी लालबागहून दादरला मोर्चा निघायचा होता. आई नको म्हणत होती. बाबा म्हणाले, "जाऊ दे तिका. पुढच्या फलकाची एक काठी तीच धरतली." माझी मान अशी ताठ झाली म्हणून सांगू!

आणि त्याच सकाळी नळीतलं पाणी पहिल्यांदा निळं राहिलं. निळंशार! मला वाटलं, उतरला आजार. आता काही खाल्लंच नाही तर साखर येणार कुठून? उद्याही निळंच राहील, आणि डॉक्टर म्हणतील, पोरी, तू बरी झालीस. म्हणून मी सुई नेहमीसारखी घेतली, आईची नजर चुकवून भाकरी परत टोपलीत ठेवली आणि निघाले. याहून मोठा गाढवपणा मी जन्मात केला नाही.

बायका पुढे, पुरुष मागे. परळच्या वळणापर्यंत घोषणांनी माझा घसा बसला होता. मग एकाएकी दरदरून घाम फुटला. हात थरथरू लागले, समोरचे चेहरे पुसट झाले. काठी सुटली आणि मी रस्त्यातच बसले. त्या कोपऱ्यावर एका चाळीतल्या मुली मोर्चातल्या लोकांना लिंबाचं सरबत देत होत्या. एकीनं पेला माझ्या ओठांशी आणला, तोच शेवंतामावशींनी तो हातानं उडवला. "साखर न्हाई चालत तिला! डागदरनं बंद केलीया!" तिथल्या सगळ्या बायकांनी मान डोलावली. कोणी पाणी शिंपडलं, कोणी कांदा हुंगवला. माझ्यावर जीव टाकणाऱ्या बायका माझ्याभोवती कडं करून बसल्या होत्या, आणि मी त्यांच्यादेखत चालले होते...

तेवढ्यात ते कडं फोडून बाबा आत घुसले. मुलीच्या हातातला दुसरा पेला हिसकावला आणि माझी मान धरून घोट घोट माझ्या तोंडात ओतायला लागले. शेवंतामावशी त्यांच्या दंडाला लटकल्या होत्या. "बाप हायसा का कोन? मारताय व्हय पोरीला!" बाबांनी तो पेला संपवला, मग आणखी एक.

थोड्या वेळानं चेहरे पुन्हा स्पष्ट दिसू लागले. मावशी हमसून हमसून रडत होत्या, आणि रडतारडताच मला स्वतःच्या पिशवीतली भाकरी भरवत होत्या. तासाभरानं मी पुन्हा उठले आणि फलकाची काठी धरली. दुसरी काठी बाबांनी धरली. दादरपर्यंत गेलो आम्ही!

परतताना मी विचारलं, "बाबा, सरबत द्यायचं हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

बाबांनी गुंडाळलेला फलक या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला. मग म्हणाले, "दाजीन."

दाजीकाका म्हणजे बाबांच्या शेजारच्या साच्यावरचे जोडीदार. चौदा वर्षं दोघांनी शेजारी काम केलं होतं. पण ते आदल्या दिवाळीत वारले होते. बाबांनीच खांदा दिला होता.

साचेखात्यात खडखडाट असा असतो की कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही. तिथली माणसं एकमेकांचे ओठ वाचून बोलतात. बाबा सांगत होते, "घोषणा चालू होत्यो, काय्येक आयकाक येय नव्हता. समोरच्या फुटपाथीवर दाजी उभो. तोंडान म्हणता, चेडू पडता, गोड घाल. मी तसोच इचारलंय, कोणाचा चेडू? तर म्हणता, तुझा."

चेडू म्हणजे आमच्या मालवणीत मुलगी. बाबा माझ्या मागे दोनशे पावलं होते. वळणाआडून मी त्यांना दिसणं शक्यच नव्हतं. इन्सुलिनमुळे साखर फार उतरली तर गोड द्यावं लागतं, हे त्यांना ठाऊकही नव्हतं. पुढच्या खेपेला डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "साखर उतरली की माणसाला काहीबाही दिसतं." बरोबर आहे. पण साखर माझी उतरली होती, आणि मला काहीच दिसलं नव्हतं!

पुढच्या रविवारी बाबा मला घेऊन नायगावला दाजीकाकांच्या घरी गेले. काकींना त्यांनी फक्त माझा आजार सांगितला, रस्त्यावरचं काही नाही. काकींनी हातातली साखरेची बरणी खाली ठेवली.

"तेंका पण ह्योच आजार होतो," त्या म्हणाल्या. "रोज सुई घेयत. नोकरी जायत म्हणान कोणाक सांगूक नाय. चंचयेत गुळाचो खडो ठेवीत. चक्कर इली की हळूच तोंडात टाकीत."

त्या कापडी चंचीमुळे चौदा वर्षं बाबा त्यांना तंबाखू खाणारा माणूस समजत होते. ज्या दिवशी दाजीकाका साच्यावर कोसळून गेले, त्या दिवशी चंची घरी राहिली होती. बाबा माझा हात धरून नायगावहून लालबागपर्यंत चालत आले.

मी पुष्कळ डोकं चालवलं. गर्दीत दाजीकाकांसारखा कोणी दुसरा असेल? पण त्याला माझा आजार कसा कळला? बाबांना ते गुपित कधी ओझरतं कळून नंतर विसरलं असेल? असेलही. पण वळणाआड मी पडले, हे त्यांना कोणी सांगितलं? आणि मलाच हा आजार का, यालाही उत्तर मिळालं नाही ते नाहीच. कारल्याचा रस मात्र मी सोडला. मास्तरीण झाले, तीस वर्षं शिकवलं, सुई कधी लपवून घेतली नाही. लग्न ठरतानाही मीच आधी सांगितलं, आणि ज्यांना पळायचं होतं ते पळाले.

लग्नाच्या पंगतीत बाबांच्या खात्यातले एक काका बसले होते. आग्रहाचा लाडू त्यांनी हात आडवा धरून परत पाठवला आणि मला जवळ बोलावलं. म्हणाले, नायगावहून आल्यानंतरच्या सोमवारी तुझा बाप साच्यांच्या मधल्या वाटेत उभा राहिला. साचे चालूच होते. हात वर करून त्यानं सगळ्यांची नजर ओढून घेतली आणि नुसत्या ओठांनी सांगितलं - माझ्या पोरीला साखरेचा आजार आहे, तुमच्यात कोणाला असेल तर लपवू नका, शेजारच्याला सांगून ठेवा.

बाबांनी हे घरी कधी सांगितलं नव्हतं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय! दोन हात वर झाले," काका म्हणाले. "त्यातलो एक माझो."