पत्राआधीची परीक्षा

बोटीतून मुंबईला उतरलो तेव्हा धाकटा भाऊ धक्क्यावर आला होता. हातात हार नव्हता, तोंडावर हसू नव्हतं. "दादा, आप्पा गेले," एवढंच बोलला. सोलापूरचे डॉ. शिवलिंगप्पा, आमचे आप्पा, जाऊन चारच दिवस झाले होते. मेंदूच्या शस्त्रक्रियेचं शिक्षण घेऊन मी विलायतेहून परतत होतो, आणि ज्यांनी मला तिकडे धाडलं त्यांनाच ते दाखवायचं राहिलं. चार दिवस थांबायला काय झालं होतं? मला त्यांचा रागच आला, खोटं कशाला सांगू!

डॉक्टर होऊन मी बार्शीहून त्यांच्या दवाखान्यात आलो तो निव्वळ शिफारसपत्रासाठी. त्याशिवाय विलायतेतले सर्जन दारात उभं करत नसत. आप्पा मूळचे मंद्रूपचे, घरात कानडी, बाहेर मराठी. म्हणाले, "पत्र देतो की. पण आदी वरीसभर हितं डोक्याला मार लागलेली मानसं बघ. हत्यार धरायचं न्हाय, नुसतं बघायचं." तासातासाला नाडी, डोळ्यांच्या बाहुल्या, हातापायांची ताकद… एवढं शिकून नाड्या मोजत बसायचं, म्हणून मी मनातल्या मनात धुसफुसत असे.

एका दुपारी गिरणीतला नरसय्या शिडीवरून डोक्यावर पडला म्हणून आणला. डोळे उघडे, पण नाव विचारलं की नुसता बघत राही. सोबतचे कामगार म्हणाले, एरवी मराठी फाडफाड बोलतो. झालं! वाचा गेली, म्हणजे मेंदूच्या डाव्या, वाचेच्या बाजूला रक्त साचलं, असं मी ठरवून टाकलं. डोकं भादरलं, आयोडिनने खूण केली, कवटीला भोक पाडायची तयारी केली आणि ऐटीत आप्पांना बोलावणं धाडलं.

आप्पा आले, कामगारांकडून त्याचं नाव ऐकलं, खाटेच्या कडेला टेकले आणि हळूच तेलुगूत म्हणाले, "नी पेरेंदी, अन्ना?" तुझं नाव काय?

"नरसय्या," तो म्हणाला. मग पाणी मागितलं, आईला बोलवा म्हणाला, सगळं तेलुगूत.

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आप्पा रागावले नाहीत. "मार लागला की मागनं शिकलेली भाषा कवाकवा आदी जाती, आईची ऱ्हाती. तू दार वाजिवलंच न्हाईस, थेट फोडाया निगालास." नरसय्या काही आठवड्यांनी आपल्या पायांनी घरी गेला. माझं पत्र मात्र लांबलं. "तेलुगू, कानडी, दखनी उर्दू, तिन्हींत रोग्याशी बोलता आलं पायजे," आप्पा म्हणाले. "तेलुगूची परीक्षा नरसय्याची आई घेईल." त्या माउलीने मला दोनदा नापास केलं! हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. तिसऱ्या खेपेला तिने आप्पांकडे बघून मान डोलावली, तेव्हा कुठे पत्रावर सही झाली.

गेल्या आठवड्यात त्याच दवाखान्यात एका विणकर बाईच्या कवटीचं आत दबलेलं हाड मी उचललं. भूल जागेपुरतीच दिली होती. वाचेच्या भागाला धक्का लागतोय का, हे तिच्या बोलण्यावरूनच कळणार होतं. मी तेलुगूत घरची चौकशी करत होतो, ती उत्तरं देत होती. मुलांची नावं, माग, नणंदेच्या कागाळ्या… आणि एकाएकी गप्प झाली. मी हत्यार बाजूला घेतलं. आप्पा, आता काय करू?

"पुढचं विचारा की डॉक्टर," ती तेलुगूतच फणकारली, "मी एकटीनेच किती बोलायचं?"

सगळे हसले. माझे डोळे भरून आले. आप्पांवरचा राग तिथेच संपला, आणि मी पुढचं विचारलं.